भाताच्या खाचरातले तंबू : भंडारदऱ्याच्या काठावरील एका वळवाच्या रात्रीचा प्रकरण अभ्यास

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या जलाशयाभोवती आता जागोजागी भाड्याचे तंबू दिसतात. हिवाळ्यात भरलेल्या पाण्याच्या काठी मुक्कामाला येणारे, पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला येणारे आणि रतनगड, सांदण दरी किंवा 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या वाटेवर एक रात्र काढणारे असे तीन तऱ्हेचे पाहुणे या तंबूंना मिळतात. तंबू, गादी, उशी, चादर, दिवा, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता हे सगळे माणशी एका दरात मिळते. या दरात पाहुणा ज्याचे पैसे खऱ्या अर्थाने देतो ती वस्तू म्हणजे कोरडी गादी, असे माझे मत आहे. ती रोज कोरडी राहावी म्हणून जागेवरच्या माणसांना काय करावे लागते आणि त्यातले एक काम मागे पडले की काय होते, ते दाखवणारे एक प्रकरण येथे मांडले आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

जागा आणि माणसे

ही जागा गावाबाहेर उतारावरच्या चार खाचरांमध्ये आहे. वरची दोन खाचरे मालकांची स्वतःची आहेत. खालची दोन शेजारच्या एका वयस्कर शेतकऱ्याची असून सगळे त्यांना आबा म्हणतात. भाताचे पीक निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत ती त्यांनी ठरावीक रकमेवर तंबूंसाठी दिलेली असतात. वरच्या खाचरांत मुरूम आहे, त्यामुळे लोखंडी खुंटी ठोकताना वाकते, पण एकदा बसली की हलत नाही. खालच्या खाचरांत माती खोल आणि मऊ आहे, तिथे खुंटी हाताने दाबली तरी आत जाते आणि जमीन भिजली की तितक्याच सहज वर येते. सर्वांत खालच्या बांधावरून जलाशय समोर दिसतो, म्हणून पाहुण्यांची पहिली पसंती नेमकी याच मऊ जमिनीला असते.

काम करणारी माणसे मोजकीच आहेत. मालक सगळे पाहतात, त्यांच्या पत्नी स्वयंपाकघर सांभाळतात, भाचा फोन आणि बुकिंग बघतो, गावातली दोन तरुण मुले तंबूंच्या कामाला असतात आणि भाकऱ्या थापायला दोन मावशी येतात. यातले प्रत्येक जण आधी शेतकरी आहे. काजव्यांचा हंगाम मेच्या शेवटी सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालतो, आणि रोहिणी नक्षत्रातली भाताची धूळपेरणीही याच दिवसांत येते. ज्या आठवड्यात तंबूंना सर्वाधिक हात लागतात त्याच आठवड्यात हे हात आपापल्या वाफ्यात असतात. या व्यवसायाची पाहणी करणारे बहुतेक जण पाणी, वीज आणि रस्ता यांबद्दल बोलतात. मला मात्र पेरणी आणि पाहुणे यांची ही एकाच वेळी येणारी गाठ सर्वांत अवघड वाटते, कारण पैशाने ती सुटत नाही. रोहिणीतली पेरणी चुकली तर घरात वर्षाचे भात कमी पडते, आणि त्यासाठी कोणी शनिवारची मजुरी सोडली तर त्याला दोष देता येत नाही.

अकरा ते चार

पाहुण्यांनी सकाळी अकराला तंबू सोडावा आणि नव्यांना दुपारी चारला तो मिळावा, असा या जागेचा नियम आहे. मधल्या पाच तासांत सगळा दिवस मावतो.

माणूस झोपेत श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी बाहेर टाकतो. तिघे झोपलेल्या तंबूत ही वाफ वरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते. पाऊस पडला नसला तरी सकाळी कव्हर ओले असते ते यामुळे. ते ओलेच घडी करून ठेवले तर कापडाला बुरशी धरते आणि आतला पॉलियुरेथेनचा थर हळूहळू चिकट होऊन सुटायला लागतो. असा तंबू पुढच्या पावसात टिकत नाही. म्हणून प्रत्येक कव्हर उलटे करून बांधावर वाळत घालावे लागते. गाद्या बाहेर काढून उन्हात उभ्या कराव्या लागतात आणि मधे एकदा पालटाव्या लागतात. तंबूच्या तळावरचे वेफर्सचे तुकडे आणि शेंगदाण्यांची साले झाडावी लागतात, कारण त्यांच्यामागे मुंग्या येतात, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही आणि लक्षणे उशिरा दिसतात. त्यामुळे तंबूची चेन पूर्ण लागते की नाही हे दररोज प्रत्येक तंबूत हाताने ओढून पाहण्याचे काम या जागेवर मालक स्वतः करतात, आणि चेन बिघडलेला तंबू ते त्या रात्री देत नाहीत. मला त्यांची ही शिस्त फार मोलाची वाटते.

याखेरीज चादरी मोजायच्या, दिवे चार्जिंगला लावायचे, सैल झालेल्या दोऱ्या ताणायच्या आणि फायबरच्या काठ्यांना गेलेले उभे तडे चिकटपट्टीने बांधायचे असतात. खुंट्या मोजायच्या असतात, कारण प्रत्येक मुक्कामात एक-दोन मातीत राहतात किंवा कोणाच्या तरी बॅगेत जातात. पाण्याचा टँकर यायचा असतो. मे महिन्यात धरणातून सिंचनाची आवर्तने सुटून जलाशय आटलेला असतो, गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि चार न्हाणीघरांना दिवसाला एक टँकर लागतो.

यादीतले शेवटचे काम प्रत्येक तंबूच्या वरच्या अंगाला चर खणण्याचे. रात्री पाऊस आला तर वरून वाहत येणारे पाणी तंबूला वळसा घालून जावे, यासाठी वीतभर रुंद आणि चार बोटे खोल असा चर काढावा लागतो. दोन माणसांनी टिकाव-फावडे घेऊन लागले तर सगळ्या तंबूंना दीड-दोन तास पुरतात. कोरड्या दिवशी मात्र या कामाचा उपयोग दिसत नाही, आणि त्यामुळे गडबडीच्या दिवशी सर्वांत आधी तेच टळते.

त्या शनिवारी

जूनचा पहिला आठवडा होता. आदल्या रात्रीचे पाहुणे काजवे पाहून उशिरा परतले आणि सकाळी उशिरा उठले. अकराला रिकामे व्हायचे तंबू एकपर्यंत रिकामे झाले नाहीत. तंबूंचे काम करणाऱ्या दोघांपैकी एक मुलगा पेरणीला गेलेला होता आणि हे त्याने आठवडाभर आधी सांगितले होते. दुपारपासून हवा कोंदट होती आणि कळसूबाईच्या अंगाला ढग चढत होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे वीज पडण्याची सूचना देणारे ॲप भाच्याच्या फोनवर होते. संध्याकाळी त्यावर आसपासच्या विजांच्या खुणा दिसू लागल्यावर त्याने मामांना तसे सांगितलेही होते.

बुकिंगची अडचण वेगळी होती. फोनवरून आलेली नोंद वहीत होत होती आणि एका संकेतस्थळावरून आलेली नोंद भाच्याच्या फोनमध्ये. दोन्ही जुळवून पाहिल्यावर दुपारी लक्षात आले की तंबूंपेक्षा दोन गट जास्त आहेत. पैसे घेतलेले, लहान मुलांसह निघालेले गट वाटेतून परत पाठवणे मालकांना प्रशस्त वाटले नाही. पेटीतले दोन जास्तीचे तंबू काढून ते सर्वांत खालच्या खाचरात, बांधाला लागून लावले गेले. चर खणण्यासाठी राखलेला वेळ या कामात गेला.

रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती उरकल्या आणि पाहुणे आपापल्या गाड्यांतून काजवे पाहायला निघाले. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वन विभाग प्रवेशासाठी शुल्क घेतो आणि रात्री ठरावीक वेळेनंतर गाड्यांना आत सोडत नाही. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांसारख्या झाडांवर काजव्यांचे नर एका लयीत उजळतात आणि मादीला खुणावतात. गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या या संकेतात व्यत्यय आणतात, म्हणून मालक निघणाऱ्या प्रत्येक गटाला विजेरी खाली धरण्याची आणि झाडाजवळ गाडीचे दिवे बंद ठेवण्याची विनंती करतात. कोणती गाडी कोणत्या बाजूला गेली याची नोंद मात्र त्या काळात ठेवली जात नव्हती.

रात्र

साडेनऊच्या सुमारास आधी वारा सुटला. गावची वीज पहिल्याच झोताला गेली. पुढच्या काही मिनिटांत पाऊस सुरू झाला, आणि वळीव कोसळतो तसा कोसळला.

खाचर हे पाणी अडवण्यासाठीच बांधलेले असते, ही गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे. दोन गुंठ्यांच्या खाचरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर पाच हजार लिटर पाणी होते. त्याच दिवशी न्हाणीघरांसाठी विकत घेतलेल्या टँकरमध्येही तेवढेच पाणी होते. त्यात वरच्या खाचरांचे पाणी उतरत आले. धुळीने घट्ट झालेली जमीन पहिल्या सरीत पाणी पीत नाही, त्यामुळे ते सगळे बांधाच्या आत साठले. सर्वांत खालच्या खाचरात घोट्याएवढे पाणी झाले. मऊ मातीतल्या खुंट्या सुटल्या, वाऱ्याने दोन तंबू आडवे केले आणि कापसाच्या गाद्यांनी पाणी ओढून घेतले.

पाहुणे त्या वेळी तंबूत नव्हते, ही दैवाची कृपा. पण ते भिजून, एकदम आणि अंधारात परतू लागले. मालकांनी त्या क्षणी घेतलेला निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय वाटतो. त्यांनी वरच्या खाचरांतल्या कोरड्या तंबूंतही कोणाला जाऊ दिले नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत पडत असते. अशा वेळी तंबूचे कापड कसलेही संरक्षण देत नाही आणि झाडाखाली थांबणे त्याहून घातक ठरते. पक्के घर किंवा काचा लावलेली, लोखंडी टपाची गाडी एवढेच आसरे उरतात. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत सगळ्यांनी गाडीत किंवा घराच्या ओसरीवर थांबावे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. काही पाहुण्यांनी आवाज चढवला. त्यांचे सामान तंबूत होते, मुले थंडीने कुडकुडत होती आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. मालकांच्या पत्नींनी चुलीवर मोठ्या पातेल्यात चहा ठेवला, घरातल्या कोरड्या चादरी आणि लुगडी काढून आधी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना दिली. एका पाहुण्याने ऊब म्हणून कोळशाची शेगडी नंतर तंबूत नेऊ का, असे विचारले, तेव्हा त्यांनी त्याला तिथेच थांबवले. बंद तंबूत धुमसणाऱ्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो आणि त्याला वासही नसतो.

एक गट परतला नव्हता. त्या भागात मोबाइलची रेंज तशीही तुटक असते आणि वीज गेल्यावर ती पुरती गेली. कोणत्या बाजूला गेले हे कोणालाच नक्की माहीत नव्हते. पाऊस ओसरल्यावर भाचा आणि कामावर असलेला एक मुलगा जीप घेऊन निघाले आणि मधल्या काळात मालक वही घेऊन दिव्याच्या उजेडात पुन्हा पुन्हा माणसे मोजत राहिले. तो गट रस्त्याच्या कडेला गाडीत शांतपणे बसलेला सापडला. त्यांनी नेमके योग्य तेच केले होते. पण ते सापडेपर्यंतचा वेळ जागेवरच्या प्रत्येकावर फार जड गेला.

दुसरीकडे खालच्या खाचरातले पाणी काढायचे होते. मालक आबांच्या दारात गेले आणि म्हणाले, “आबा, खालचा बांध फोडावा लागतोय.” आबांनी कंदील उचलला. “फोड, पण मधून नको. सांडव्याच्या तोंडाशी फोड, तिथली माती मी वरसाला बदलतो.” बांध हा शेतकऱ्याच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीचा असतो आणि आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आता फार दिवस उरले नव्हते. तरी आबांनी स्वतः फावडे मारून वाट मोकळी केली. अर्ध्या तासात पाणी उतरले.

झोपण्याची व्यवस्था मध्यरात्रीनंतर लागली. वरच्या खाचरांतले बहुतेक तंबू कोरडे होते. ते लहान मुलांच्या आणि वयस्करांच्या गटांना दिले, बाकीचे ओसरीवर, मंदिराच्या सभामंडपात आणि गाड्यांमध्ये झोपले. कोणाला इजा झाली नाही.

सकाळ आणि पैसे

सकाळी हिशेब मांडला गेला. खालच्या खाचरातल्या पाहुण्यांना मालकांनी पूर्ण पैसे परत केले आणि नाश्त्याचे घेतले नाहीत. ज्यांना तंबू मिळाला नाही पण छपराखाली झोपता आले, त्यांना अर्धे दिले. वरच्या तंबूंत झोपलेल्या दोन गटांनीही परताव्याची मागणी केली, तेव्हा मालकांनी नम्रपणे नकार दिला. संकेतस्थळावरून आलेल्या गटांचा प्रश्न अधिक किचकट निघाला. त्यांचे पैसे आधी संकेतस्थळाकडे गेले होते आणि तिथल्या नियमांत पावसाचा उल्लेखच नव्हता. मालकांनी त्या गटांना स्वतःच्या खिशातून रोख दिले. त्या महिन्याच्या हिशेबात संकेतस्थळाचा हिस्सा तेवढाच राहिला आणि तोटा मालकांचा झाला. या व्यवहारातला हा अन्याय मला बोचतो. चिखलात उभे राहून ग्राहकाची समजूत काढणारा एक असतो आणि जोखमीशिवाय हिस्सा घेणारा दुसराच.

खरे नुकसान गाद्यांचे होते. भिजलेली कापसाची गादी दोन माणसांना उचलत नाही. ती वाळायला सलग दोन-तीन दिवसांचे कडक ऊन लागते आणि जूनमध्ये ते मिळत नाही. आत ओल राहिली तर वास येतो आणि गादी फाडून कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. मालकांनी रविवारच्या पाहुण्यांना सकाळी आठपासून फोन लावले, काय झाले ते जसेच्या तसे सांगितले आणि जेवढ्या गाद्या कोरड्या होत्या तेवढेच गट घेतले. काहींनी तरी येतो म्हटले, त्यांनाही नाही सांगावे लागले.

काय चुकले आणि काय बदलले

पावसाकडे बोट दाखवणे सोपे आहे, परंतु रोहिणी-मृगाच्या संधीवर सह्याद्रीत वळीव येणे हे अनपेक्षित म्हणता येत नाही. माझ्या मते शनिवारची रात्र दुपारीच बिघडली होती. उशिरा सुटलेले तंबू, एक कमी माणूस, दोन ठिकाणी नोंदलेले बुकिंग आणि त्यातून वाढवलेले दोन तंबू यांपैकी एकेक गोष्ट सांभाळून घेता आली असती. चारही मिळून त्या पाच तासांवर बसल्या आणि त्यांनी चरांचा वेळ खाल्ला. चर असते तर वरचे पाणी खाली उतरताना वळवता आले असते. सर्वांत खालचे खाचर तरीही भिजले असते, कारण ते पाणी धरण्यासाठीच आहे.

पुढच्या हंगामासाठी मालकांनी केलेले बदल खर्चाच्या दृष्टीने लहान आहेत. बुकिंग आता एकाच वहीत होते, आणि संकेतस्थळावर मुळातच कमी तंबू दाखवले जातात. काजव्यांना निघणारा प्रत्येक गट गाडीचा क्रमांक, माणसांची संख्या आणि जाण्याची दिशा लिहून जातो. गाद्यांना रेक्झिनच्या खोळी शिवून घेतल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून खालचे खाचर वापरायचे नाही असे ठरले. आबांची ठरलेली रक्कम मात्र पूर्ण दिली जाते. उंच मचाणांवर तंबू लावावेत असाही विचार झाला, पण शेतात पक्के बांधकाम करायचे नाही हे आधीच ठरलेले होते, त्यामुळे वरच्या खाचरांत बांबूच्या उचलून ठेवता येतील अशा चौकटी टाकल्या.

तंबूंची संख्या ठरवण्याची पद्धत त्यांनी बदलली, याचे मला विशेष वाटते. पूर्वी जमिनीवर जेवढे मावतील तेवढे तंबू लागत असत. आता ओसरी, गोठ्याशेजारची पडवी आणि सभामंडप मिळून जितकी माणसे पक्क्या छपराखाली रात्र काढू शकतील तितक्यांचेच बुकिंग घेतले जाते. हा आकडा आधीच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो. काजव्यांच्या शनिवारी, जेव्हा फोन सतत वाजत असतो, तेव्हा उरलेल्या तृतीयांशाला नाही म्हणणे भाच्याला अजूनही जड जाते. या भागातल्या इतर तंबूधारकांनीही हेच माप धरावे, असे मला कळकळीने वाटते, कारण छपराविना वाढवलेल्या तंबूंचा पाहुणा अशा रात्री अखेर शेजाऱ्याच्याच ओसरीवर येतो.

पेरणीच्या आठवड्यातल्या मजुरीचा प्रश्न सुटलेला नाही. त्या दिवसांत शेजारच्या गावातून माणूस आणण्याचा प्रयत्न झाला, पण तिथेही पेरणीच चालू होती. सध्या मालकांनी चर खणण्याचे काम रोजच्या यादीतून काढून मेच्या मध्यावर, धूळपेरणी सुरू होण्याआधी, एकदाच पुरते करून घ्यायचे ठरवले आहे. तंबूंच्या जागा त्यासाठी कायमच्या आखून ठेवल्या आहेत. फोडलेला बांध त्या वर्षी आवणीपूर्वी पुन्हा घातला गेला. दोन दिवसांची मजुरी तंबूंच्या हिशेबातून गेली आणि माती कुठून आणायची ते आबांनी दाखवले.